बिनतापवलेला पुष्कराज घेताना: खड्याचा खरेपणा पायरीपायरीने कसा तपासायचा

आईच्या पंचाहत्तरीला आम्ही भावंडांनी मिळून तिला पुष्कराजाची अंगठी केली. तिची अट एकच होती, खडा भट्टीतला नको. सराफाने खडा दाखवला आणि सोबत लॅमिनेट केलेलं छोटं कार्ड. त्यावर लिहिलं होतं, नॅचरल यलो सफायर. मी विचारलं, "हा तापवलेला नाही ना?" तो म्हणाला, "ताई, नॅचरल म्हणजे नॅचरल. कार्डावरच आहे की." आम्ही बिनतापवलेल्या खड्याचा भाव मोजला आणि घरी आलो.

आठ महिन्यांनी अंगठीची एक पकड ढिली झाली आणि खडा सुटा करावा लागला. मला मुंबईला जायचं होतंच, म्हणून तो प्रयोगशाळेत दिला. अहवालात खडा नैसर्गिकच निघाला, पण खाली शेरा होता: इंडिकेशन्स ऑफ हीटिंग, म्हणजे तापवल्याच्या खुणा आहेत. मी सराफाकडे गेले. त्याने तेच कार्ड पुढे केलं आणि विचारलं, "यात अनहीटेड असं कुठे लिहिलंय?" कुठेच नव्हतं. पावतीवर तर "पिवळा खडा, १ नग" एवढंच होतं. फरकाचे पैसे परत मिळाले नाहीत.

त्यानंतर दुसरा खडा घ्यायला मी चार महिने लावले. त्या चार महिन्यांत जे कळलं ते आधी कळलं असतं तर आईला आठ महिने चुकीचा खडा घालावा लागला नसता. तुम्ही पहिल्यांदाच असा खडा घ्यायला निघाला असाल तर खालच्या क्रमाने जा. खडा धारण करावा की नाही, कोणी करावा, हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा भाग आहे आणि मी त्यात शिरत नाही. मला सांगायचंय ते दगडाबद्दल आणि कागदाबद्दल.

१. तीन प्रश्न वेगळे करा

माझी फसगत इथेच झाली. खड्याबद्दल तीन वेगळे प्रश्न असतात आणि दुकानात तिन्हींना मिळून "ओरिजिनल आहे" असं एकच उत्तर मिळतं.

पहिला प्रश्न: हा कोणता खनिज आहे? पुष्कराज, नीलम आणि माणिक हे तिन्ही एकाच खनिजाचे, कुरुंदाचे, रंग आहेत. कुरुंद म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइड, आणि कडकपणात हिऱ्याच्या खालोखाल, नवाच्या पायरीवर. गोंधळ नावाचा आहे. बऱ्याच शब्दकोशांत टोपॅझला पुष्कराज म्हटलेलं असतं. टोपॅझ हे वेगळं, पुष्कळच स्वस्त खनिज आहे. सुनेला हाही पिवळाच, पण तो स्फटिकाचा म्हणजे क्वार्ट्झचा प्रकार. तेव्हा दुकानात नुसतं "पुष्कराज" म्हणू नका, "यलो सफायर" असा शब्द वापरा आणि कागदावरही तोच मागा.

दुसरा प्रश्न: हा जमिनीतून आला की कारखान्यातून? फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ ओग्युस्त व्हेर्नॉय याने १९०२ मध्ये ज्योतीत पूड वितळवून माणिक तयार करण्याची पद्धत जाहीर केली. त्याच पद्धतीने पिवळा, निळा, हवा त्या रंगाचा कुरुंद आजही बनतो. तो काच नव्हे. त्याचं रसायन, कडकपणा, वजन सगळं खऱ्या पुष्कराजासारखंच असतं. शंभर वर्षांहून जुनी पद्धत आहे ही, त्यामुळे "आजोबांच्या काळातली अंगठी आहे, खरीच असणार" हेही गृहीत धरू नका.

तिसरा प्रश्न: जमिनीतून निघाल्यावर त्याचं काय केलं? इथे सगळी मेख आहे. फिकट, दुधाळ खडे भट्टीत हजार-दीड हजार अंशांच्या पुढे तापवले की रंग खुलतो आणि आतली दुधाळी विरघळते. श्रीलंकेतला गेउडा नावाचा धुरकट खडा पूर्वी कवडीमोल होता. १९७० च्या दशकात थायलंडच्या व्यापाऱ्यांनी तो तापवून निळाशार करायला सुरुवात केली आणि सगळा बाजार बदलला. २००१-०२ च्या सुमारास आणखी एक प्रकार उघडकीला आला. तापवताना बेरिलियम हे मूलद्रव्य खड्यात मुरवायचं, म्हणजे फिकट खडाही झगझगीत पिवळा किंवा केशरी होतो. याशिवाय किरणांचा मारा करून आणलेला पिवळा रंग असतो, तो उन्हात उडू शकतो.

"नॅचरल" हा शब्द फक्त दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे. तापवलेला खडाही नॅचरलच असतो. म्हणून तिसरा प्रश्न वेगळा विचारायचा आणि त्याचं उत्तर वेगळं लिहून घ्यायचं.

एक गोष्ट मनापासून सांगते. खडा तापवणं ही फसवणूक नाही. बाजारातला बहुतेक कुरुंद तापवलेला असतो, त्याचा रंग टिकतो, तो सुंदर दिसतो आणि तो तसा सांगून, त्या भावाने विकला तर कोणाचीच तक्रार नसावी. न सांगता बिनतापवलेल्याचा भाव घेणं ही फसवणूक.

२. वजन कशात, ते आधी ठरवा

बहुतेकांना सांगितलेलं असतं "सव्वापाच रत्ती". आता रत्ती म्हणजे किती? कॅरटचं पक्कं ठरलेलं आहे, १ कॅरट म्हणजे ०.२ ग्रॅम. रत्तीचं तसं नाही. आठ गुंजांचा मासा आणि बारा मासे तोळा या जुन्या हिशोबाची गुंज, म्हणजे सोनारांची रत्ती, सुमारे ०.१२ ग्रॅमची. खड्यांच्या बाजारात मात्र रत्ती साधारण ०.९१ कॅरटची, म्हणजे ०.१८ ग्रॅमची धरतात. सव्वापाच रत्ती पहिल्या हिशोबाने ३.१९ कॅरट होतात आणि दुसऱ्या हिशोबाने ४.७८ कॅरट. फरक लहान नाही.

ज्यांनी वजन सांगितलं त्यांनाच विचारा, "कोणती रत्ती?" आणि मग भाव नेहमी कॅरटमध्येच बोला. कॅरटचा म्हणून सांगितलेला भाव रत्तीला लावला गेला तर तुमचे जवळपास दहा टक्के जास्त जातात.

३. सोबत काय न्यायचं

फार काही लागत नाही.

- दहापट मोठं दाखवणारं जवाहिऱ्याचं भिंग. तीन काचांचं घ्या, कडेला रंग फुटत नाहीत.
- पांढऱ्या उजेडाचा लहान टॉर्च. दुकानातले पिवळे दिवे पुष्कराजाला फार उपकारक असतात, म्हणून खडा दाराशी नेऊन दिवसाच्या उजेडातही पाहा.
- पांढरा कोरा कागद आणि खड्यांचा चिमटा.
- शक्य असेल तर ०.००१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा काटा.
- पॅन कार्ड. मोठ्या रकमेच्या खरेदीला ते लागतंच.

४. दुकानात: सुटाच खडा पाहा

कोंदणात बसवलेला खडा विकत घेऊ नका. बंद कोंदणात खड्यामागे चकचकीत पत्रा लावून रंग गडद दाखवता येतो. जुने सोनार त्याला डांक म्हणतात. कडा झाकलेल्या असल्या की जोडखडाही लपतो. जोडखड्यात वर खऱ्या पुष्कराजाची चकती असते आणि खाली कृत्रिम कुरुंद चिकटवलेला. सुटा खडा ग्लासभर पाण्यात आडवा धरून बाजूने पाहिला तर सांधा रेघेसारखा दिसतो.

आणखी एक सापळा हॉलमार्कचा. अंगठीवरचा बीआयएस हॉलमार्क आणि एचयूआयडी, म्हणजे दागिन्याचा सहा अक्षरी-अंकी ओळखक्रमांक, फक्त सोन्याच्या शुद्धतेबद्दल बोलतात. खड्याबद्दल ते एक शब्दही सांगत नाहीत. "अंगठी हॉलमार्कची आहे" हे खड्याबद्दलच्या प्रश्नाचं उत्तर होऊ शकत नाही.

भिंगाखाली काय दिसतं? भिंग डोळ्याला जवळजवळ चिकटवा आणि खडा भिंगाजवळ आणा, उलटं करू नका. उजेड बाजूने टाका. जमिनीतून आलेल्या खड्यात सरळ किंवा कोनात वळणारे रंगाचे पट्टे दिसू शकतात, कारण स्फटिक सरळ पृष्ठांनी वाढतो. बारीक रेशमासारख्या सुया दिसतात, बोटाच्या ठशासारखी जाळी दिसते. ज्योतीतून बनवलेल्या खड्यात रेषा वक्र असतात, ग्रामोफोनच्या तबकडीवरच्या खाचांसारख्या, आणि अधूनमधून वायूचे गोल बुडबुडे. पिवळ्या रंगात या वक्र रेषा दिसणं फार अवघड असतं. म्हणून "मला वक्र रेषा दिसल्या नाहीत, म्हणजे खरा" असा निष्कर्ष काढू नका. उलट पाच कॅरटचा, गडद पिवळा, आतून आरशासारखा स्वच्छ खडा हलक्या भावात समोर आला तर तिथेच थांबा.

खडा कागदावर ठेवून वरूनही पाहा. मधून कागद आरपार दिसत असेल तर पैलू उथळ आहेत. खालची बाजू पोटासारखी सुटलेली असेल तर वजन वाचवण्यासाठी ती तशी ठेवली आहे आणि त्या पोटाचे पैसे तुम्ही देणार आहात. हा खरेपणाचा मुद्दा नाही, भावाचा आहे.

"सिलोनी" आणि "बँकॉकी" हे शब्द कानावर पडतील. सिलोनी म्हणजे श्रीलंकेचा आणि म्हणून बिनतापवलेला, बँकॉकी म्हणजे थायलंडचा आणि म्हणून तापवलेला, असा अर्थ गिऱ्हाईक लावतं. पण श्रीलंकेचे खडेही भरपूर तापवले जातात. शिवाय मादागास्करच्या इलाकाका भागात १९९८ मध्ये सापडलेल्या साठ्यातले खडे श्रीलंकेच्या खड्यांशी इतके मिळतेजुळते असतात की अनुभवी माणसालाही ते नुसत्या नजरेने वेगळे काढता येत नाहीत. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या गोंडवन या एकसंध भूखंडात या दोन्ही भूमी शेजारी होत्या, खडकांची जडणघडण एकाच काळातली. देश हा प्रक्रियेचा पुरावा नाही.

५. घरच्या परीक्षा: एक करा, बाकीच्या सोडा

दुधात खडा टाकला की दूध पिवळं दिसतं, केस गुंडाळून काडी लावली तर केस जळत नाही, फुंकर मारली तर वाफ लगेच उडते, काचेवर ओरखडा उठतो. या सगळ्या मी ऐकल्या आणि पहिल्या खड्यावर काही करूनही पाहिल्या. यांतली एकही परीक्षा कृत्रिम कुरुंदाला पकडू शकत नाही, कारण तोही कुरुंदच. तापवलेल्या खड्याबद्दल तर त्या काहीच सांगत नाहीत. काचेवर ओरखडा साधा सुनेलाही उठवतो, आणि त्यात तुमच्या खड्याची धार जाते.

एक परीक्षा मात्र उपयोगाची आहे. तिने पहिला प्रश्न, खनिज कोणता, घरी सुटतो. मी ती दुसऱ्या खड्यावर, स्वयंपाकघराच्या ओट्यावर केली.

खडा कोरडा वजन केला: ०.९६२ ग्रॅम. मग काट्यावर पाण्याची छोटी वाटी ठेवली आणि काटा शून्यावर आणला. खड्याला बारीक नायलॉनचा दोरा बांधला आणि तो पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला किंवा कडेला टेकणार नाही असा हाताने धरला. हात स्थिर ठेवायला कोपर ओट्यावर टेकवा. खड्याला चिकटलेले हवेचे बुडबुडे काडीने हलवून काढा, नाहीतर आकडा चुकतो. काट्यावर आलं ०.२४१. खड्याने जेवढं पाणी बाजूला सारलं त्याचं हे वजन. आता भागाकार: ०.९६२ भागिले ०.२४१, म्हणजे ३.९९. कुरुंदाची घनता चारच्या आसपास असते. त्याच वजनाचा टोपॅझ असता तर काट्याने ०.२७३ च्या जवळपास दाखवलं असतं, कारण त्याची घनता साधारण ३.५३. सुनेला असता तर ०.३६३, घनता २.६५.

उत्तर चारच्या जवळ आलं नाही तर पुढे जायची गरजच नाही, खडा परत करा. चार आलं तर एवढंच कळलं की हा कुरुंद आहे. जमिनीतला की कारखान्यातला, तापवलेला की नाही, हे दोन प्रश्न तसेच उरतात आणि ते प्रयोगशाळेशिवाय सुटत नाहीत.

६. जांगडावर घ्या, पैसे नंतर

सराफ बाजारात माल पसंतीसाठी, न विकता, चिठ्ठीवर देण्याची जुनी रीत आहे, तिला जांगड म्हणतात. व्यापारी आपापसात रोज करतात. गिऱ्हाइकाने मागितलं तर काही जण नाही म्हणतात, काही थोडी अनामत घेऊन तयार होतात. मला पाचव्या दुकानात होकार मिळाला. जो विक्रेता "माझ्या समोर, तुम्ही म्हणाल त्या प्रयोगशाळेत देऊ" म्हणतो त्याच्याकडे थांबा. जो "आमच्याच लॅबचं सर्टिफिकेट आहे, दुसरीकडे कशाला" म्हणतो तिथून उठा.

जांगड चिठ्ठीवर किंवा अनामतीच्या पावतीवर पुढचा मजकूर शब्दशः मागा. मी तो घरून लिहूनच नेला होता:

"नैसर्गिक यलो सफायर, सुटा १ नग, वजन ४.८१ कॅरट. उष्णता, बेरिलियम, किरणोत्सर्ग किंवा इतर कोणतीही रंगप्रक्रिया केलेली नाही. गिऱ्हाइकाने निवडलेल्या प्रयोगशाळेचा अहवाल याहून वेगळा आल्यास पूर्ण रक्कम परत."

अंतिम बिल जीएसटीसह, याच वर्णनाचं हवं. "पिवळा खडा, १ नग" चालणार नाही. याचं मोल मी दिलेलं आहे.

ऑनलाइन घेत असाल तर परत करण्याची मुदत अहवाल यायला लागणाऱ्या दिवसांपेक्षा जास्त आहे ना, ते आधी पाहा आणि पार्सल उघडतानाचा सलग व्हिडिओ काढा.

७. प्रयोगशाळा निवडा

मुंबईत जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया आहे, जयपूरला जेम अँड ज्वेलरी एक्स्पोर्ट प्रमोशन कौन्सिलशी जोडलेलं आयआयजीजे-रिसर्च अँड लॅबोरेटरीज सेंटर (पूर्वीची जेम टेस्टिंग लॅबोरेटरी) आहे. फारच मोठ्या किमतीचा खडा असेल तर लोक स्वित्झर्लंडला, बाझलच्या एसएसईएफला किंवा ल्यूसर्नच्या ग्युबेलिनला पाठवतात. घरगुती अंगठीसाठी तेवढं लागत नाही. कुठेही द्या, पण देण्याआधी फोन करून तीन गोष्टी विचारा:

- अहवालात तापवण्याबद्दल स्पष्ट शेरा देता का?
- इन्फ्रारेड वर्णपट तपासता का? (खडा अदृश्य अवरक्त किरण कसे शोषतो त्याचा आलेख, त्यातून तापवल्याच्या खुणा कळू शकतात.)
- बेरिलियमची तपासणी करता का, आणि ती वेगळी मागावी लागते का?

तिसरा प्रश्न पिवळ्या खड्याला फार महत्त्वाचा. बेरिलियम इतकं हलकं मूलद्रव्य आहे की साध्या उपकरणांना ते दिसत नाही. त्यासाठी लेझरने खड्याचा डोळ्याला न दिसणारा कण उडवून त्याचं पृथक्करण करावं लागतं आणि प्रत्येक प्रयोगशाळेत ते यंत्र नसतं.

खडा देताना तो तुमच्यासमोर तोलला जातो आणि वजनाची पोच मिळते. ती पोच न घेता काउंटर सोडू नका.

माझ्या दुसऱ्या खड्याच्या वेळी तिथल्या परीक्षक बाईंनी मला सूक्ष्मदर्शकातून पाहू दिलं. आधी त्यांनी आमच्या पहिल्या, तापवलेल्या खड्याचं दृश्य दाखवलं. आतले रेशमी धागे तुटून ठिपक्यांच्या ओळी झाल्या होत्या. एका इवल्या स्फटिकाभोवती गोल, चकाकती चकती उमटली होती. आतला स्फटिक उष्णतेने फुगून भोवतालचा दगड तडकला, त्याची ती खूण.

मग दुसरा खडा. धागे अखंड, एकमेकांना साठ अंशांत छेदणारे. एका कोपऱ्यात पैलूदार पोकळी होती, तिच्यात द्रव आणि द्रवात एक बुडबुडा. तो द्रव म्हणजे खडा जमिनीखाली वाढताना अडकलेला कार्बन डायऑक्साइड. बाईंनी काही वेळ दिव्याची ऊब लागू दिली आणि बुडबुडा आक्रसत नाहीसा झाला. ३१ अंशांच्या आसपास त्या वायूचा द्रव-वायू भेदच मिटतो, म्हणून. खडा थंड झाला आणि बुडबुडा परत आला. हजार अंशांच्या भट्टीत ही पोकळी आतल्या दाबाने फुटली असती. ती शाबूत आहे, म्हणजे भट्टी लागलेली नाही. प्रत्येक खड्यात अशी खूण सापडत नाही, आमच्यात सापडली. एवढ्या तपासण्या आणि कागदपत्रांनंतर त्या बुडबुड्याने मला जी खात्री दिली ती वेगळीच होती.

८. अहवाल ओळीओळीने वाचा

कार्ड आणि पूर्ण अहवाल यांत फरक आहे. एकच प्रयोगशाळा दोन्ही देते. छोट्या कार्डावर अनेकदा फक्त खनिजाची ओळख असते, प्रक्रियेचा शेरा नसतो. आमच्या पहिल्या कार्डाचं नेमकं हेच होतं. पूर्ण अहवाल मागा.

अहवालात पाहायच्या ओळी:

- स्पीशीज, म्हणजे खनिज: कोरंडम, म्हणजेच कुरुंद.
- व्हरायटी: यलो सफायर. त्याच्या आधी नॅचरल हा शब्द हवा. सिंथेटिक, लॅब-ग्रोन किंवा क्रिएटेड म्हणजे कारखान्यातला.
- वजन दोन दशांशांपर्यंत आणि लांबी-रुंदी-जाडी मिलिमीटरमध्ये. घरी काट्यावर आणि मोजपट्टीवर पडताळा.
- वक्रीभवनांक (रिफ्रॅक्टिव्ह इंडेक्स, खड्यात शिरताना उजेड किती वळतो त्याचा आकडा) १.७६२ ते १.७७० च्या आसपास. टोपॅझचा १.६१ ते १.६४, सुनेल्याचा १.५४४ ते १.५५३.
- कॉमेंट्स किंवा ट्रीटमेंट. सगळ्यात महत्त्वाची ओळ हीच.

बिनतापवलेल्या खड्याला या ओळीत "नो इंडिकेशन्स ऑफ हीटिंग" असं असतं. शब्द नीट वाचा. "तापवलेला नाही" अशी हमी प्रयोगशाळा देत नाही, "तापवल्याच्या खुणा आढळल्या नाहीत" असं ती सांगते. कमी तापमानात हलकेच तापवलेला खडा ओळखणं तज्ज्ञांनाही कठीण जातं, म्हणून शब्द इतके जपून वापरतात. म्हणूनच इन्फ्रारेड तपासणीचा आग्रह धरायचा.

ही ओळ कोरी असेल तर ते "काही केलेलं नाही" असं समजू नका. कोरी ओळ म्हणजे तपासलंच नाही, असं धरून चला आणि विचारा.

शेवटी अहवाल क्रमांक प्रयोगशाळेच्या संकेतस्थळावर स्वतः टाकून पाहा. कार्डावरचा क्यूआर कोड स्कॅन करून थांबू नका, तो नकली संकेतस्थळावरही नेऊ शकतो. पत्ता हाताने टाइप करा. तिथला फोटो, वजन आणि मापं हातातल्या खड्याशी जुळली पाहिजेत. खऱ्या अहवालासोबत दुसराच खडा देण्याचा प्रकार होतो आणि तो फक्त मापांनीच पकडता येतो.

किरणांनी आणलेल्या रंगाबद्दल प्रयोगशाळाही हात टेकतात. पिवळ्या खड्यात तो ओळखायचा खात्रीचा मार्ग म्हणजे रंग उजेडात टिकतो का ते पाहणं. विक्रेत्याची लेखी परवानगी घेऊन खडा दोन-तीन दिवस खिडकीतल्या उन्हात ठेवा आणि आधी-नंतरचा फोटो एकाच कागदावर, एकाच वेळच्या उजेडात काढा.

अहवाल पावतीशी जुळला नाही आणि विक्रेता पैसे देत नाही म्हणाला, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. तिथे न सुटल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं, घटनेपासून दोन वर्षांच्या आत. तक्रार ऑनलाइनही दाखल होते. मात्र हातात लेखी वर्णन असलेली पावती हवी. माझ्याकडे पहिल्या वेळी ती नव्हती, म्हणून मला पुढे काहीच करता आलं नाही.

दुसरी रत्नं घेत असाल तर

नीलमाला वरचं सगळं जसंच्या तसं लागू. माणकात सर्वांत जास्त जपायचं ते शिशाच्या काचेने भेगा भरलेल्या मालाला. खडा हलवताना आत निळसर झळक आणि चपटे बुडबुडे दिसतात, आणि लिंबाच्या रसानेही ती काच खराब होते. पाचूच्या भेगांत तेल किंवा राळ भरणं इतकं सर्रास आहे की बिनतेलाचा पाचू फार दुर्मीळ. अहवालात तेलाचं प्रमाण किती लिहिलंय ते पाहा. मोती आज मिळतात ते बहुतेक सगळे संवर्धित, म्हणजे शिंपल्यात बी घालून वाढवलेले. नैसर्गिक मोती एक्स-रेशिवाय ठरत नाही. पोवळं रंगवलेलं असू शकतं.

९. कोंदणात बसवताना खडा ओळखून ठेवा

खडा कारागिराकडे जाण्याआधी भिंगातून मोबाइलने त्याचे फोटो काढा. आतली एखादी ठळक खूण शोधा आणि ती घड्याळाच्या काट्यांच्या भाषेत लिहून ठेवा. मी लिहिलं होतं, "खड्याची लांब बाजू उभी धरली तर चारच्या ठिकाणी, कडेजवळ, पिसासारखी जाळी, तिच्या डावीकडे एकटा काळा ठिपका." ही खूण दुसऱ्या कोणत्याही खड्यात तशीच सापडणार नाही. सोबत कारागिराकडून वजनाची पोच घ्या.

कोंदण मागून उघडं ठेवायला सांगा. श्रद्धेनुसार खडा बोटाला टेकायला हवा असतो, तेही साधतं आणि पुढे कधी तपासायचा झाला तर मागून उजेड टाकता येतो. अंगठीचं माप नंतर बदलायचं झालं तर आधी खडा काढून घ्यायला सांगा. सोनाराच्या फुंकणीची आच आतल्या भेगांना धोक्याची, आणि बिनतापवलेल्या खड्याला तर आच लागूच द्यायची नाही.

अंगठी घ्यायला जाताना भिंग आणि तो कागद सोबत ठेवा. चारच्या ठिकाणची जाळी आणि तिच्या डावीकडचा ठिपका दिसला की मगच मजुरीचे पैसे द्या.